दुसरा बैल

आषाढ लागून पंधरवडा होतो न होतो, तोच सातारा-सांगलीकडच्या गावांत बेंदराच्या सणाला घरोघर मातीचे बैल येतात. कुणाकडे कुंभारीण पाटीतून आणून देते आणि सुपातले दाणे, वर पुरणपोळी घेऊन जाते. कुणाकडे पोरं परड्यात चिखल कालवून स्वतःच करतात. देव्हाऱ्यापुढं पाट मांडायचा, त्यावर बैल उभे करायचे, हळदकुंकू वाहायचं. काही घरांत पुढ्यात मातीचीच गव्हाण करून तीत चार दाणे टाकतात. नैवेद्य पुरणपोळीचा. हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं आहे, की त्यातली एक गोष्ट विचारावी असं कुणाला वाटतच नाही. मातीचा बैल घरात कधी एकटा का येत नाही?

पुढं श्रावणात नागपंचमीला मातीचा नाग येतो, तो एकटा चालतो. भाद्रपदात गणपती येतो, तोही एकच. गौरी दोन असतात, पण त्या बहिणी. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघींना नाव आहे, थोरली-धाकटी असा मान आहे. पाटावरच्या बैलांना नाव नाही, थोरला-धाकटा नाही, तरी ते दोनच लागतात. एकच आणला तर घरातलं म्हातारं माणूस हटकून विचारतं, “दुसरा कुठाय?” बेंदराचं मर्म मला या दुसऱ्या बैलात दिसतं, आणि हातानं बैल करायला बसल्याशिवाय ते पुरतं उमगत नाही.

आधी सणाविषयी. राज्यात बऱ्याच ठिकाणी बैलांचा सण म्हणजे पोळा, श्रावणातल्या पिठोरी अमावास्येचा. आमच्याकडं बेंदूर. त्यातही दोन. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेच्या सुमारास येतो, तो सीमेलगतच्या गावांत आणि कोल्हापूरकडं जास्त. महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात, गुरुपौर्णिमेच्या एक-दोन दिवस अलीकडं. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. बैलाच्या मानेवर जिथं जू बसतं, तिथं हळद आणि तूप किंवा तेल हलक्या हातानं चोळायचं. दुसऱ्या दिवशी बैल धुवायचे, शिंगं रंगवायची, गोंडे बांधायचे, झूल घालायची, पुरणपोळी चारायची आणि संध्याकाळी वाजतगाजत मिरवायचं. या सगळ्यात पहिला हात कुठं लागतो ते पाहावं. पूजा म्हटली की आपण पायांशी किंवा कपाळाशी सुरुवात करतो. बेंदराची सुरुवात खांद्यापासून होते. वर्षभर जुवाखाली घासून तिथली कातडी राठ झालेली असते. कधी खांदा येतो, म्हणजे सुजतो, आणि मग बैलाला जुंपता येत नाही, शेतीची कामं अडतात. माणसाचं आणि बैलाचं जे नातं आहे ते त्या वीतभर जागेतून जातं, आणि सण तिथूनच हात घालतो.

जू ही वस्तूच दोघांची आहे. एका टोकाला एक मान, दुसऱ्या टोकाला दुसरी, मधोमध नांगराचा इसाड किंवा गाडीची धूर. एका बैलाच्या मानेवर जू ठेवलं तर ते एका बाजूला कलंडतं. म्हणून शेतकऱ्याची ऐपतही जोडीनंच मोजली जायची. दोन बैलांचा शेतकरी, चार बैलांचा शेतकरी. एक बैल हे मोजमापच नव्हतं. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीला १९१० साली, तेव्हाच्या औंध संस्थानात, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला आणि लोखंडी नांगर गावागावांत पोचला. खोल नांगरणीचा तो जड नांगर काळ्या रानात एका जोडीला ओढवायचा नाही. त्याला दोन-तीन-चार जोड्या एकापुढं एक जुंपाव्या लागत. नांगर नवा आला, लाकडाचा लोखंडी झाला, तरी हिशेब जोड्यांचाच राहिला.

आता पाटावर परत पाहू. मातीच्या बैलांच्या मानेवर जू नसतं. बेंदराच्या दिवशी बैलाला जू लावायचं नाही, हा नियम जिवंत बैलाइतकाच मातीच्या बैलाला लागू आहे. पण मांडणी पाहिली की कळतं, जू काढून ठेवलं आहे, त्याची जागा मात्र ठेवली आहे. बैल खांद्याला खांदा लावून, तोंडं एकाच दिशेला करून उभे करतात. एकमेकांकडं तोंड करून किंवा एकामागं एक असे कुणी मांडत नाही. मधे थोडं अंतर सोडतात. ज्यानं उभ्या आयुष्यात बैल जुंपले आहेत असा माणूस ते अंतर बोटानं जरासं कमीजास्त करतो, मागं सरून बघतो, आणि मग त्याचं समाधान होतं. तो काय मोजतो हे त्याला विचारलं तर सांगता येणार नाही. त्याला जुवाची लांबी दिसत असते.

इथं एक जुना पुरावा फार बोलका आहे. १९७४ साली अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, दायमाबादला तांब्याच्या जातीच्या धातूच्या ओतीव वस्तू सापडल्या. त्यांत हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्याबरोबर एक रथ आहे. साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. रथात माणूस उभा आहे आणि पुढं जुवाखाली दोन बैल. हत्ती एक, गेंडा एक, रेडा एक. बैल मात्र दोन. त्याच मुलखात, घोड नदीकाठच्या इनामगावला, डेक्कन कॉलेजच्या १९६८ ते १९८३ या काळातल्या उत्खननात न भाजलेल्या कच्च्या मातीचा एक बैल मिळाला. तिथं तो एकटा आहे, पण त्याच्याबरोबर कच्च्या मातीच्याच स्त्रीमूर्ती आहेत, बहुधा देवीच्या. देवळात महादेवापुढं बसलेला नंदीही बहुधा एकटाच. मला यातून एक रेघ स्पष्ट दिसते. देवाजवळचा बैल एक असतो, कामातला बैल दोन असतात. बेंदराच्या पाटावर आपण जे ठेवतो ते नंदीच्या घराण्यातलं नाही. देव्हाऱ्यापुढं ठेवूनही त्याचा कामकरीपणा आपण पुसलेला नाही, आणि मला यात या सणाचा मोठेपणा वाटतो. बैलाला पूजेसाठी देव करावं लागलेलं नाही. तो जसा रानात उभा राहतो तसाच घरात आणला आहे.

आता करण्याकडं येतो. पहिला बैल करणं अवघड नाही. नदीकाठची किंवा ओढ्यातली चिकण माती आणायची, खडे-मुळ्या काढायच्या, रात्रभर भिजत ठेवायची. नुसती काळी माती वाळताना फार आकसते आणि मानेशी, पायांच्या सांध्याशी भेगा पडतात. म्हणून तीत चाळलेली राख, थोडी तांबडी माती किंवा कापसाचे तंतू मिसळून ती हाताला चिकटेनाशी होईपर्यंत मळायची. कुंभार आपल्या मातीत घोड्याची लीद घालतो, तीही याच कामासाठी. मग हातात मावेल असा लांबट गोळा घ्यायचा. घरच्या आयाबाया पाय वेगळे करून चिकटवत नाहीत, त्या गोळ्यातूनच चिमटून खाली ओढतात, कारण चिकटवलेला पाय आधी निखळतो. पाय आखूड आणि जाड ठेवायचे. ज्यांना उंच बैल हवा असतो ते आत कडब्याची नाहीतर तुरीची काडी घालतात. मान पुढं ओढायची, गळ्याखालची पोळी दोन बोटांत पातळ करायची, पाठीवर वशिंड उचलून घ्यायचं. डोळ्यांना ज्वारीचे किंवा करडईचे दाणे. शिंगं सगळ्यात शेवटी.

शिंगांवर जरा थांबायला हवं, कारण आमच्या भागात बैल म्हणजे खिल्लार. आटपाडी, म्हसवड, माण, खटाव हा सगळा या जातीचा मुलूख. आटपाडी महाल आणि म्हसवडी हे तर खिल्लारचे नावाजलेले प्रकारच आहेत. खिल्लारची शिंगं कपाळावर जवळजवळ उगवतात, मागं जातात आणि मग कमान घेऊन वर चढतात. अंग उभट, कातडी तुकतुकीत, पांढऱ्याकडं झुकणारी. ज्या पोरानं गोठ्यात खिल्लार पाहिला आहे, त्याच्या मातीच्या बैलाची शिंगं न सांगता मागं जातात. ज्यानं पुस्तकातल्या चित्रावरून बैल केला आहे, त्याची शिंगं दोन्ही बाजूंना आडवी निघतात. हात डोळ्यांपेक्षा जास्त खरं बोलतो. एवढी लांब शिंगं कच्च्या मातीची केली तर वाळताना हमखास मोडतात. म्हणून कुणी आत काडी घालतं, कुणी माती सोडून बाभळीचे काटेच खोचतं.

असा पहिला बैल होतो. तो कसाही झाला तरी चालतो, बैल दिसला म्हणजे झालं. थोडा बुटका झाला, वशिंड जरा पुढं आलं, मान वाकडी वळली, तर तो त्याचा स्वभाव म्हणायचा. पण आता दुसरा करायचा आहे, आणि त्याला ही मोकळीक नाही. पहिल्यानं सगळं ठरवून टाकलेलं असतं. उंची त्याच्याइतकी, वशिंड तेवढंच, शिंगांची कमान तशीच. आमची आजी म्हणायची, “पयला बैल कुनालाबी येतो गं. दुसरा करून दाव.” तिच्या पाटावर बैल कधी फार देखणे नसत, पण जोडी कायम लागलेली असे. दुसरा करताना ती पहिल्याला डोळ्यांसमोर ठेवायची, आणि मधूनमधून पहिल्यालाही ओल्या बोटानं थोडं इकडचं तिकडं करायची. जोड नेहमी दोन्हीकडून लावावी लागते. पहिला बैल आहे तसाच धरून बसलं आणि सगळं जुळवणं दुसऱ्यावर टाकलं, तर जोडी होत नाही.

यापुढची गोष्ट ज्यांनी बैल पाहिले आहेत त्यांनाच ठाऊक असते. दुसरा बैल पहिल्याची नक्कल म्हणून केला तर तो चुकतो. जुवात एक उजवीकडं चालतो, एक डावीकडं, आणि बैलाला लहानपणापासून एका बाजूची सवय लावतात. बाजू बदलली की तो बावरतो, पाऊल धरत नाही. नांगरताना एक बैल आधीच्या तासात चालतो, दुसरा वरच्या न नांगरलेल्या जमिनीवर, म्हणजे दोघांच्या पावलांत एका फाळाच्या खोलीचा फरक. खळ्यावर मळणीला बैलांची पात फिरायची तेव्हा मेढीजवळ, म्हणजे मधल्या खांबापाशी, संथ बैल बांधत, कारण त्याला जवळजवळ जागच्या जागी वळायचं असे. बाहेरच्या कडेला चपळ बैल, त्याला मोठा फेरा पडे. दोघंही मेढीजवळचे असते तर पात फिरलीच नसती. म्हणून चांगली जोडी केली की दोन्ही बैलांची मान कणभर आत झुकते, उजव्याची डावीकडं आणि डाव्याची उजवीकडं. आरशात पाहावं तसे ते एकमेकांचे असतात. करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. दुसरा बैल पहिल्याच्या शेजारी उभा करून करत गेलं, की बोटं आपोआप त्याची मान आत वळवतात. वेगळा बसून केला, तर वळत नाही.

बाजारातही हेच पाहतात. आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत, खटावमधल्या पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिल्लारांचा मोठा बाजार भरतो. हेडी, म्हणजे जनावरांचे दलाल, रुमालाखाली बोटं धरून दर ठरवतात. आदत, दुसा, चौसा, जुळलेला असं दातांवरून वय पाहतात, पाय, खूर, शेपटीचा गोंडा, अंगावरचे भोवरे पाहतात. पण ज्याच्या गोठ्यात एक बैल आहे आणि दुसरा घ्यायला जो आला आहे, त्याची नजर वेगळी असते. त्याला सगळ्या बाजारातला चांगला बैल नको असतो. घरच्याला लागणारा हवा असतो. घरचा संथ असेल तर त्याला ओढत नेणारा वारू काही कामाचा नाही, जू तिरकं होऊन दोघांचेही खांदे सोलतात. अशा माणसाला दावणीतला सगळ्यात देखणा बैल सोडून तिसराच सोडवून नेताना पाहिलं, की बघ्याला नवल वाटतं. घरी जुवाखाली दोघं उभे राहिले की नवल संपतं.

म्हणूनच साच्यातले बैल पाहिले की माझं मन बसत नाही. आता बेंदराच्या आठवड्यात पेठेत प्लास्टर ऑफ पॅरिसचे रंगवलेले बैल ढिगानं असतात. रंग तेजस्वी, शिंगं मोडत नाहीत, झुलीवर टिकल्या. ते विकणाऱ्याचं पोट त्यावर आहे, त्याला बोल लावायचा नाही. पण एका साच्यातून निघालेले दोन बैल शेजारी ठेवून पाहा. दोघांचीही मान एकाच बाजूला वळलेली असते. एकाची दुसऱ्याकडं, दुसऱ्याची भिंतीकडं. ते एकसारखे आहेत, तरी जोडी नाहीत. त्यांच्या मानेवर मनानं जू ठेवून पाहिलं तर ते बसत नाही. हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. जो साचा करतो त्यानं एक बैल पाहिलेला असतो. जो हातानं जोडी करतो त्यानं दोन बैल काम करताना पाहिलेले असतात. जुने कुंभार साचा वापरत तेव्हाही मान ओली असताना हातानं वळवून घेत. एवढं केलं तरी पुरे होतं.

मातीची जोडी कच्ची असते, भाजलेली नसते, म्हणून ती मोडते. वाळताना एकाचा पाय तडकतो, एकाचं शिंग पडतं. तेव्हा घरात जी धांदल उडते ती पाहण्यासारखी. एक मोडला म्हणून दुसरा एकट्यानं पाटावर ठेवायला कुणी धजत नाही. ओल्या चिखलाचा लेप देऊन पाय बसवतात, नाहीच बसला तर शेजारी विचारतात, “तुमच्याकडं एखादा जादा झालाय का?” शेजारचा बैल थोडा उंच असतो, रंग वेगळा असतो, तरी तो आणून शेजारी उभा करतात आणि पूजा होते.

खऱ्या रानातही हेच होत आलं. बैल मेला, दुष्काळात विकावा लागला, तर उरलेला एक बैल घेऊन शेतकरी रिकामा बसत नसे. दुसरा एक-बैल्या शोधायचा आणि दोघं मिळून सावड करायची, कुठं त्याला वारंगुळा म्हणतात. याचा एक, त्याचा एक, अशी जोडी जुंपायची. आज याचं रान, उद्या त्याचं. दोन घरांची पेरणी एका जुवावर व्हायची. बैलांची जोड नवी, सवयी वेगळ्या, पहिले काही तास ओढाओढीत जायचे. मग दोघं पावलं धरायचे. माणदेशासारख्या कमी पावसाच्या मुलखात शेती तगून राहिली ती बरीचशी अशा उसन्या जोडीवर. शेजाऱ्याकडून मातीचा बैल मागून आणणारी बाई तेच करते. ती मागायला जाते तेव्हा कुणी तिला नाही म्हणत नाही, कारण पूर्वी त्या दोन घरांच्या बैलांनी एकत्र पेरलेलं असतं, किंवा पेरलं असेल असं धरून चालायची रीत आहे.

आता गोठ्यात बैल राहिले कुठं, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. ट्रॅक्टर आला, पॉवर टिलर आला. खिल्लार उरला तो मुख्यतः शर्यतीत आणि साखर कारखान्यांच्या उसाच्या गाड्यांना. ज्या घरात आज पाटावर मातीची जोडी पुजली जाते, त्यातल्या पुष्कळ घरांत दावणीला एकही बैल नसतो, आणि ज्या पोरांच्या हातांनी ती होते त्यांनी जू पाहिलेलं नसतं. अशा पोरांना करायला बसवलं की पहिला बैल छान होतो. शाळेतल्या मांडणीत तर सगळे एकेकटे बैल उभे असतात, प्रत्येकाचा एक, खाली नाव लिहिलेलं. मी म्हणेन, एका बाकावरच्या दोघांनी मिळून एक जोडी करावी. एकानं उजवा, एकानं डावा. मग एकाचा बैल उंच होईल, दुसऱ्याला आपला थोडा उचलावा लागेल. पहिल्याला आपल्या बैलाची मान आत वळवावी लागेल, आणि कुणी कुणाचं ऐकायचं यावरून थोडं भांडणही होईल. होऊ द्यावं.

बसायच्या आधी मात्र एक काम विसरू नये. भिजवलेला सगळा गोळा एकत्र मळून घ्यावा आणि पहिला बैल सुरू करण्याआधीच त्याचे दोन सारखे वाटे करावेत, दुसरा वाटा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावा. नाहीतर पहिल्याला माती हवी तेवढी जाते, दुसऱ्यासाठी उरत नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी नवी माती कालवावी लागते. तीत पाणी निराळं पडतं, राख कमीजास्त होते, ती वेगळी वाळते, वेगळी आकसते. ओले असताना अगदी जुळलेल्या दोन बैलांतला एक सावलीत वाळून झाल्यावर जरा लहान निघतो, आणि तेव्हा काही करता येत नाही.